चार्टावरची काजळी

१४ डिसेंबर १९७६, मंगळवार. सक्करदरा दवाखाना.

आज पारशिवनीच्या शेवंतावर उगाच चिडले. अंडाशयांत बारीक गाठी, पाळी चार-चार महिने नाही. माझ्या प्रबंधातली पेशंट. रोज पहाटे उठण्याआधी, अंथरुणातच तापमान मोजून चार्टावर मांडायचं; बीज सुटलं की रेघ चढते. मागचा महिना वाया गेला, कारण ती चूल पेटवून मग मोजायची. आज पाहते तर चार्टभर काजळीची बोटं! पुन्हा चुलीपाशीच ना, म्हणून ओरडले.

सासूच पुढे झाली. "तिले नोका बोलू, बाई. आता चूल मीच पेटवून राहिली. मंग थर्मामीटर तिच्या तोंडात देतो, कागद धरतो. म्हणतो, पडून राय वं."

म्हणजे काजळी सासूची. दिवाळीआधी हीच बाई मुलाच्या दुसऱ्या लग्नाचं विचारत होती! मला लाजच वाटली.

रेघ मात्र सपाट. बीज सुटलेलंच नाही. किती जपून सांगितलं, तरी शेवंताचे डोळे भरले.

सासूनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मला विचारलं, "मंग उद्यापासून बी मीच उठू ना?"

"उठा," म्हटलं. बीज सुटण्यासाठीची गोळी वाढवली. कोरा चार्ट सासूच्याच हातात दिला.