साट्यालोट्याचं केळवण

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पोचलो एकदाचे! कंबरेचं पार भुस्कट झालंय. जीपवाल्याने इसापूरच्या धरणाच्या पाण्याकाठी उतरवलं आणि धुरळा उडवत निघूनही गेला. आता रविवारीच येणार.

फोटोत काय एकेक कॉटेज दिसत होतं! प्रत्यक्षात तुराट्यांच्या कुडाच्या झोपड्या, शेणाने सारवलेल्या, वर गवत. पाटीवर नाव मात्र 'निसर्गकुटी'. मालकीणबाई आशाबाई म्हणाल्या, "शहरातले लोक मुद्दाम यायलेत बगा, शेन हुंगायला!" हसून हसून पोट दुखलं. बऱ्याच दिवसांनी असं हसले.

हे आमचं केळवण. कल्पना समरीनची – "दोन्ही नवऱ्या माझ्या मैत्रिणी. दावत मीच देनार, आन घरात न्हाई, बाहेर!" घरच्यांनी सोडलं कारण पुनमच्या मावशी, शकुंतलाबाई, पहाऱ्याला बरोबर आहेत. आल्या आल्या त्यांनी दारातच खाट टाकली. बाहेर जायचं तर आधी त्यांना उठवा!

दोन्ही नवऱ्या म्हणजे पुनम आणि मी. साटंलोटं आहे आमचं. पुनम माझ्या विजूदादाला, मी तिच्या भावाला, विश्वंभरला. तेवीस तारखेला एकाच मांडवात. एक लग्न मोडलं की दुसरं आपोआप मोडतं. आणि मला माझं मोडायचंय.

निघताना आप्पा म्हणाले होते, "मनात काही असंल तर ऐतवारच्या आत बोल. मांडव पडल्यावर तोंड उघडायचं न्हाई." ते विचारत होते की दम देत होते, कळलं नाही.

आधी पुनमला सांगणार. मग आप्पांना.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

इथे झोपड्यांत रेंज नाही. मागच्या टेकाडावर चढलं की मिळते. सकाळी चढले तर फोन थरथरायलाच लागला. विश्वंभर! लगेच व्हिडिओ कॉल.

"काहून उचलत न्हाईस? फोन फिरव जरा. कोन कोन हाय तिथं, बघू दे."

फिरवला. समरीन, पळसाची झाडं, एक म्हैस.

"समरीनचा भाऊ आला न्हाई न्हवं? साजीद?"

"नाही."

"पुन्ना फिरव."

पुन्हा फिरवला. म्हशीची चौकशी केली नाही हे नशीब!

खाली येताना समरीनला म्हटलं, बघितलंस? तर ती म्हणते, "काळजी करून राहिला गं तो." आणि दुसरीकडेच बघायला लागली.

काळजी! दिवाळीच्या आधी तो कळमनुरीत माझ्या लॅबवर आला होता. मी एका म्हाताऱ्या बाईचं रक्त काढत होते. त्याने टेबलावरचा माझा फोन उचलला, माझा मोकळा हात धरला, माझाच अंगठा लावून फोन उघडला आणि लॅबमधल्या सगळ्या पुरुषांचे नंबर पुसून टाकले. डॉक्टरांचासुद्धा. हसत हसत. "आता काय गरज हाय तुला यांची?" सुई त्या बाईच्या शिरेत, म्हणून मला हलताही येईना. मी एक शब्द बोलले नाही. त्याचा राग अजून येतो – त्याच्यापेक्षा माझाच जास्त.

आईला सांगितलं तर म्हणाली, "मारलं का? न्हाई ना. मग?"

दुपारी जेवताना धीर केला. "पुनम, मला तुझ्याशी जरा बोलायचंय." तिने सगळी पुरणपोळी एकदम माझ्या तोंडात कोंबली. "आधी खा! नवरीनं केळवनात बोलायचं नसतं." मावशी हसल्या, आशाबाई हसल्या, मी चावत बसले. वर येसराची आमटी, वर पापड, वर आणखी पोळी. उठवेना मला.

१४, संध्याकाळ

थंडी पडायला लागली. पाण्याकडे जाऊन बसावं म्हटलं तर मावशी – "एकटी कुटं चाललीस? हळद लागायची हाय अजून." परत आत. कुडातून उजेड येतो, वारा येतो, बाहेरचं सगळं बोलणं येतं. मलाच तेवढं बाहेर जाता येत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पुनम सकाळपासून तिसऱ्यांदा टेकाडावर. उतरली तेव्हा चेहरा असा फुललेला! मी चिडवलं, "दादाशी एवढं काय बोलतेस गं?" लाजली. ओढणीने तोंड झाकलं. शाळेपासून ओळखते तिला, अशी लाजताना कधी बघितली नव्हती.

मग आपणहून माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "कोमल, मला लई दिसांनी जगावं वाटायलंय."

आता काय सांगू हिला?

दोनदा मोडलंय तिचं. एकदा मुलीचा रंग सावळा म्हणून, एकदा कुंडली पुढे करून. दुसऱ्या वेळी तर मेंदी लागली होती. तिचा बाप चारचौघांत म्हणाला होता, "ह्या पोरीचं काही खरं न्हाई." ती हातावरची मेंदी घासून घासून काढत होती आणि मी नळ सोडून पाणी घालत होते. आता तिसऱ्यांदा मी मोडू? माझ्या हाताने?

दादाचा पण फोन झाला. म्हणाला, "पुनमचा फोन लागतच न्हाई. बराबर हाय न्हवं ती?" बरोबर आहे म्हटलं, एकदम खूष आहे. या टेकाडाची रेंजच तसली. दादा साधा आहे. खूष आहे ऐकून तोही खूष झाला.

१५, दिवस मावळताना

केलं. आप्पांना फोन केला. "माझी काही तक्रार नाही," मी म्हणाले. आप्पा म्हणाले, "शाब्बास. मला म्हाईत होतं." लगेच मांडववाल्याशी बोलायला लागले, फोन ठेवायचा विसरूनच गेले. मी ऐकत राहिले – झालर कुठली, खुर्च्या कुठल्या.

पुनमसाठी केलं. विश्वंभर काही राक्षस नाही, असं दहादा मनाला सांगितलं. नाही पटलं. तरी केलं.

खाली आले तर मावशी, "काहून रडायलीस गं?" म्हटलं, ठेचा तिखट होता. त्यांनी कनवटीतून गुळाचा खडा काढून दिला. जेवायचं तर अजून व्हायचंच होतं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मला एकदम त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ओरडावंसं वाटलं. गूळ खाल्ला.

१६ नोव्हेंबर, रविवार

पुनम गेली! आम्ही पाण्यावर अंघोळीला, मावशी खाटेवर जप करत डोळे मिटून, आणि तिला न्यायला मोटारसायकल आली. कोण तो, मला नावही माहीत नव्हतं. समरीनला सगळं माहीत होतं. हे केळवण, ही दावत, सगळं त्यासाठीच! मी तिच्या अंगावर धावून गेले – मला का नाही सांगितलंत? ती रडत म्हणाली, "तुझा फोन तो बघतो ना कोमल. तुला कसं सांगनार?"

टेकाडावर आप्पांचा फोन आला. बातमी पोचली होती. "त्यांच्या पोरीनं मान खाली घालवली. आपन शब्द मोडायचा न्हाई. तुझं लगीन त्याच दिवशी, त्याच मांडवात. तू कालच हो म्हनलीस."

मी म्हणाले, "नाही."

"आवाज येईना," आप्पा म्हणाले. "रेंज न्हाई वाटतं."

येत होता. मी पुन्हा म्हणाले.