भिकाच्या नावाने

६ जानेवारी २०२५, सोमवार

नवी नोकरी, नवी डायरी आणि नव्या चपलेने चावून आणलेला टाचेवरचा फोड. एकंदरीत सुरुवात झकास. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीची शेड आहे, पुढे ऑफिस आणि मागे कांद्याचं गोदाम. शेतकऱ्याला लासलगावला ट्रॅक्टर घेऊन रांगेत न बसता घरून, वेबसाइटवर आपला माल लिलावाला लावता यावा, हा यांचा धंदा. मालक नवनाथभाऊ इंजिनियर आहेत, पण बोलणं अजून गावाकडचं. बाहेरच्या देशातला एक मोठा खरेदीदार म्हणतोय की आधी सर्व्हर पक्का करा, मग बोलू. म्हणून माझी नेमणूक झाली. कोणाला आत सोडायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं हे ठरवणं माझं काम. गावाहून राहायला आल्या की सासूबाई मला कुलूपवाली म्हणतात, कारण झोपण्याआधी मी कडी तपासते ती तपासतेच. आता त्याच खोडीचा पगार मिळणार.

सर्व्हरची खोली अगदी मागे आहे, काचेचं दार असलेली. एसी नाही, तरी आत पाऊल टाकलं की माठाजवळ बसल्यासारखं गार वाटतं. मला खोली फार आवडली.

खरी गंमत पुढे आहे. हिशेबनिसापासून मालकापर्यंत सगळं ऑफिस सर्व्हरमध्ये एकाच नावाने शिरतं. भिका! पासवर्डही सगळ्यांचा एकच, आणि तो भिंतीवर खडूने लिहिलेला. मला हसू आवरेना. हा भिका कोण, असं विचारलं. तो हरसूलकडचा, इथला पहिला वॉचमन. सर्व्हर आला तेव्हा त्यानेच उचलून खोलीत ठेवला म्हणून पहिलं नाव त्याचं घातलं. पुढे म्हातारा होऊन आपल्या घरी झोपेत गेला. म्हणजे इथे गेलेला माणूस रोज सकाळी कामावर येतो.

९ जानेवारी, गुरुवार

काम जोरात. आजवर शेतकऱ्याचा मोबाइल नंबर (नाव इथे विचारतच नाहीत) आणि पासवर्ड पोस्टकार्डासारखा उघडा जात होता, वाटेत कोणीही वाचावा. आता तो पक्क्या एन्क्रिप्शनमधून जातो, लाखबंद पाकिटातून जावा तसा. जुन्या कमकुवत पद्धती बंद केल्या. सर्व्हरच्या नको त्या खिडक्या एकेक लावून घेतल्या. सर्व्हरचा मालक म्हणून ज्याचं नाव असेल ते नाव बदलायचं झालं तर बाहेरून जमणार नाही, खोलीत बसूनच बदलावं लागेल, आणि दुसरा मालक नेमल्याशिवाय पहिल्याचं नाव निघणार नाही, असेही दोन नियम घातले. स्वतःवर जाम खूश आहे.

एक गोष्ट लक्षात आली. इथे कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. सगळे ताई, भाऊ, मावशी, तात्या. मलाही अजून एकानेसुद्धा चैताली म्हटलेलं नाही. शेखरला सांगितलं तर नवरोबा म्हणाले, गावची माणसं आहेत, मान देतात, तुला सवय नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दुपारी कांदा निवडणाऱ्या बायकांनी गोदामातच हळदीकुंकू केलं. मला वाटलं आता उखाणे होणार. मी उत्साहाने सुरू केलं, त्र्यंबकच्या डोंगरावर धुक्याची दुलई, आणि पुढचं म्हणणार तोच झाडलोट करणाऱ्या धोंडाबाईंनी अख्खा तिळाचा लाडू माझ्या तोंडात कोंबला. म्हणाल्या, हितं नाव नाय घ्यायचं ताई, घरी जाऊन लय घ्या. बाकीच्या बायका हसल्या नाहीत. त्या सर्व्हरच्या खोलीच्या दाराकडे बघत होत्या.

मालकांशीही आज बोलले. सगळ्यांनी एकच नाव वापरणं ऑडिटवाल्यांना चालणार नाही, प्रत्येकाचं स्वतःचं नाव आणि स्वतःची चावी हवी. त्यांनी सगळं मान्य केलं, फक्त भिकाचं नाव राहू द्या म्हणाले. का, ते सांगेनात. डिग्रीवाला माणूस आणि कान लाल झाले होते. मला त्यातलं थोडं कळतं, माझ्या मामाचं नाव दगडू आहे. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव असं दगडधोंड्याचं किंवा भिकेचं ठेवायचं, म्हणजे नेणाऱ्याला वाटावं, हे काय न्यायचं! भिका त्यातलाच, धोंडाबाईही त्यातल्याच. पण ऑडिट मामाच्या नावावर चालत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

आपलं नाव नोंदवायला कोणीही येईना. एकाचा दात दुखतो, एकाची म्हैस व्याली. शेवटी म्हटलं, आपल्यापासूनच सुरुवात. माझं नाव घातलं, माहेरचं, सासरचं, पूर्ण. चावी तयार केली. भिकाच्या मालकीचं जे जे होतं ते सगळं माझ्या नावावर करून घेतलं आणि भिका कायमचा बंद केला, परत उघडणार नाही असा. खोलीचं दारही आता कार्डावर उघडतं, कार्डाची नोंद सर्व्हरवर. गेटवर पाहुण्यांसाठी टॅबलेट बसवला. कोणी टाइप करत बसायला नको म्हणून तो बोललेलं नाव ऐकून थेट सर्व्हरवर उतरवतो, आणि म्हाताऱ्या शेतकऱ्यांना बसून बोलता यावं म्हणून खुर्चीच्या उंचीवर लावलाय. कोण आत, कोण बाहेर, सगळं एका जागी दिसतं.

संध्याकाळी पाहुण्यांची नावं पाहिली. धोंडू, दगडू, केरू, परत धोंडू. गेटवरच्या वॉचमनने सगळ्यांना पढवून ठेवलंय. मी त्याला चांगलंच झापलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

सर्व्हरवर माझ्याशिवाय आणखी एक नाव चालू आहे. तेजल. विचारलं तर ती माझ्याआधीची, काम सोडून गेली म्हणे. ती कुठून शिरतेय ते पाहिलं. बाहेरून नाही, खोलीतल्याच कीबोर्डवरून. मी काचेपाशी उभी होते आणि आत कोणी नव्हतं. तिला बंद केलं. लगेच परत चालू झाली. कोणीतरी चेष्टा करतंय असं वाटून राग आला, पण जेवण गेलं नाही हे खरं.

२० जानेवारी, सोमवार

आज दुपारी खोलीत गेले आणि दार आतून उघडेना. कार्ड लावलं की दिवा हिरवा होतो आणि दार तसंच. काच बडवली. समोरून दोन माणसं गेली, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. धोंडाबाई केर काढायला आल्या आणि त्यांनी नुसतं ढकललं तर दार उघडलं. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

मग नवनाथभाऊंनी सांगितलं, मान खाली घालून. ही खोली एका बुजवलेल्या आडावर आहे. तो गारवा त्याचाच. शेड बांधायच्या आधीपासून या भागातली माणसं सांगायची की या आडात वाकून कोणी आपलं नाव घेऊ नये, आड नाव ठेवून घेतो, आणि नावामागे माणूस. त्यांनी स्वतः हे हसण्यावारी नेलं होतं. तेजलने येऊन शिस्तीत सर्व्हरमध्ये आपलं खरं नाव घातलं. एके दिवशी ती खोलीत गेली. तिची चप्पल दाराबाहेर होती, गाडी शेडखाली होती. घरचे आले, पोलिसांनी फरशीसुद्धा उकरली. खोलीत कोणी नव्हतं.

मग मला आधी का नाही सांगितलंत, असं ओरडले. म्हणाले, ताई, हसला असतात. आणि मी हसलेच असते.

२१ जानेवारी, मंगळवार

ऑफिसला गेले नाही. घरून माझं नाव काढायला बसले. जमत नाही. माझाच नियम. खोलीत बसूनच बदलता येईल.

माझ्या नावापुढे लिहिलंय: आत. कालपासून. बाहेर पडल्याची नोंदच नाही. मी इथे, पाथर्डी फाट्याच्या माझ्या स्वयंपाकघरात बसले आहे, चहा उतू गेलाय, आणि तिथे मी आत आहे.

सकाळी मुलीची वेणी घालत होते. माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बसली होती. तिने बाबाला विचारलं, आई ऑफिसातून कधी येणार? मला वाटलं लाडात आलीय. तोंडासमोर गेले, हाक मारली. ती माझ्यातून पलीकडे टीव्ही बघत होती. अर्धी वेणी तशीच सोडून उठली आणि बाबाला म्हणाली, तुम्ही घाला.

शेखरला अजून दिसते. म्हणजे दुपारपर्यंत दिसत होते. आता जेवायला त्याने दोनच ताटं घेतली.

नाव काढायलाच हवं. काहीही झालं तरी. माझी पोर माझ्याकडे बघून आई म्हणाली पाहिजे, मला बाकी काही नको.

२२ जानेवारी, बुधवार

धोंडाबाईंना मी अजून दिसते. त्यांच्या हातापाया पडले. त्यांनी दाराखाली मोठा दगड लावला आणि उंबऱ्याबाहेर बसल्या. डायरी पर्समध्ये आहे, लिहीत राहिले म्हणजे मी आहे एवढं तरी मला कळेल.

आत आले. कीबोर्डसमोर —

दार लागलं. दगड जागेवरच आहे. दार त्याच्या आरपार लागलंय.

धोंडाबाई काचेला नाक लावून बघताहेत. ताई, ताई ओरडताहेत, ओठांवरून कळतं. मी समोर उभी आहे. त्यांना आता दिसत नाही. डोळ्याला पदर लावून धावत गेल्या, भाऊंना बोलवायला असतील.

फोन बंद. फरशी ओली लागतेय.

नाव काढा, असं दिलं. उत्तर आलं: दुसरा मालक नेमल्याशिवाय हे नाव काढता येणार नाही. खाली रिकामा रकाना. भिका लिहिलं. असं नाव नाही. धोंडाबाई, दगडू, केरू — घेतच नाही. खरं नाव हवंय. कोणाचं तरी लाडाने, हौसेने ठेवलेलं —

नंतर

खुर्चीवर ती आहे. पाठमोरी. केस ओले. घाबरून ओरडले तर तिने वळून पाहिलं नाही, फक्त सरकली. मला बसायला जागा करून दिली.

तेजल आहे ती. मी रकान्याकडे हात नेला तर तिने माझा हात धरला. गार. मान हलवते, नको, नको. तिने कोणाचंच नाव दिलं नाही. म्हणून अजून इथे आहे. सुटायचं तर कोणाला तरी —

मीही नाही देणार. बसू दोघी. देवा, मला घरी जायचंय.

नंतर

पडद्यावर गेटचा कॅमेरा दिसतोय. शेखर आलाय. मला शोधायला! आठवले त्याला. माझी स्कूटर दाखवून वॉचमनशी भांडतोय, भाऊ मधे पडताहेत, धोंडाबाई रडताहेत. सगळ्यांची पाठ आहे.

पोरीला आणलंय. शाळेच्या गणवेशात. अर्धीच वेणी.

ती टॅबलेटकडे चाललीय —

तो तिच्या उंचीचा आहे. मीच लावला. तिथे बोललेलं नाव इथे उतरतं. या रकान्यात. आम्ही हात लावायचीही गरज नाही.

तेजलने तारा ओढल्या. निघत नाहीत. मीही ओढतेय. निघत नाहीत.

शेखर मागे बघ. अरे मागे बघ.

टॅबलेट विचारतोय, आपलं नाव सांगा.

धोंडी म्हण बाळा. दगडी म्हण. काहीही म्हण —

ती सावधान उभी राहिली. बालवर्गात शिकवलंय, कोणी विचारलं की न लाजता पूर्ण नाव, मोठ्याने. किती छान म्हणते. आम्ही बारा दिवस शोधून ठेवलेलं नाव —

हसतेय. श्वास घेतला. रकान्यात पहिलं अक्षर —

माझ्या पाठीमागे दार उघड