अकरा सेकंदांची वाळू

प्रिय ठकू,

फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतेस, म्हणून हे पत्र. ‘हं’ला काय उत्तर देणार? फोन ठेवला की मी स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांशी भांडते. कागद निदान शेवटपर्यंत ऐकून घेतो. आणि माझं अक्षर अजून तसंच आहे, कॉन्व्हेंटमधल्या ननांनी पट्टी मारून सरळ केलेलं, तेव्हा ‘आई, वाचता आलं नाही’ ही सबब चालणार नाही.

तुझा पिक्चर पाहिला. एकदा नाही, चारदा. तू तो पाहायचाच नाही असं ठरवून बसली आहेस. त्याच्या पायी बाबांची शेवटची भेट चुकली, म्हणून तू काम सोडलंस, संगणक कुणाला तरी देऊन टाकलास आणि आता एका फोटो स्टुडिओत लोकांना ‘हनुवटी जरा वर’ म्हणत दिवस काढतेस. बाबांना जाऊन वर्ष होऊन गेलं. पण ज्या कामात तुझी तीन वर्षं गेली आणि चष्म्याचा नंबर दुप्पट झाला, त्याचं लोकांनी काय केलं हे तुला कुणीतरी सांगायला हवं. वर्तमानपत्रवाले सांगतात ते खोटं. त्यांना थिएटरात लोकांचे चेहरे बघायला वेळ नसतो. मला आहे.

पहिल्यांदा मावशीला घेऊन गेले, दुपारच्या खेळाला. मावशी वीस मिनिटांत झोपली. तिचं काही वाईट वाटून घेऊ नकोस, ती स्वतःच्या लग्नातही डुलक्या घेत होती. माझ्या पुढच्या रांगेत एक जाडा गृहस्थ कागदी डबा मांडीवर घेऊन असा कुरुमकुरुम खात होता की पिक्चरमधल्या त्या यानाचं इंजिनच बिघडलंय असं मला वाटलं. शेजारी दोन कॉलेजच्या मुली, एकीचा मोबाइल सारखा पेटलेला. मी तिला म्हटलं, “बाळ, तुझ्या हातातला दिवा विझव, समोर दोन सूर्य आहेत तेवढे पुरे.” तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच दुसऱ्या ग्रहावरून आले आहे. पण विझवला.

मग पडद्यावर तो माणूस यानातून उतरला. तू मागे सांगितलं होतंस, “आई, तो जमिनीवर पहिलं पाऊल टाकतो आणि सगळी वाळू उठून उभी राहते ना, ते माझं, संगणकावर केलेलं. अकरा सेकंद.” मी तेव्हा म्हटलं होतं, तीन वर्षांत अकरा सेकंद? एवढ्यात तर मी तीन पेशंटांचा ताप बघते. ठकू, मी ते शब्द मागे घेते. त्याचं पाऊल पडलं आणि क्षितिजापर्यंतची वाळू, एकेक कण सुटा, आवाज न करता वर आली. भिंतीसारखी उभी राहिली. तिच्यातून तो निळसर उजेड गाळल्यासारखा येत होता. आणि मग ती त्याच्याभोवती हळूहळू, जणू ओळख पटावी तशी, फिरली. जाड्याचा हात डब्यात गेला होता तो तिथेच राहिला. मुलींपैकी एकीने दुसरीचं मनगट धरलं. मागून कुणी पुरुष “बाप रे” म्हणाला, अगदी हळू, स्वतःशी. मावशी जागी झाली आणि म्हणाली, “काय झालं? सगळे गप्प का?” तीनशे माणसं श्वास धरून बसली होती. मी वॉर्डात तेवढी शांतता फार वेळा ऐकली आहे, पण ती कधी आनंदाची नव्हती.

बाहेर पडताना मात्र माझं डोकं फिरलं. जिन्यावर एक चष्मेवाला आपल्या मित्रांना शिकवत होता, “दिसायला झकास आहे, पण आत काही नाही.” मी म्हटलं, “अहो, अशी माणसंसुद्धा असतात, त्यांना कुणी जिन्यावरून हाकलत नाही.” मावशीने माझा दंड धरून मला ओढत खाली नेलं. त्यात मागे एक बाई म्हणत होती, “हल्ली काय, हे सगळं कॉम्प्युटरच करतो, बटण दाबलं की झालं.” बटण! तुझी मान आखडायची, तू उशी न घेता जमिनीवर झोपायचीस, ते सगळं त्या बाईला माझ्या आवाजात ऐकवायचं होतं. मावशीमुळे वाचली.

आता नावांचं सांगते. पिक्चर संपला की नावं येतात हे मला माहीत होतं, म्हणून मी जागची हलले नाही. तर बाकी सगळे उठले! तीन तास तोंडाचा आ करून बघितलं आणि ज्यांनी दाखवलं त्यांच्याकडे पाठ करून दाराशी ढकलाढकली. वर भसाभसा दिवे लागले, पडदा पांढराफटक झाला, आणि मला तुझं नाव दिसलं नाही. दुसऱ्यांदा एकटी गेले, तर नेमका एक उंच माणूस कोट घालायला माझ्या पुढे उभा राहिला. मी त्याला “खाली बसा” म्हणेपर्यंत तुझे लोक वर निघून गेले होते. तिसऱ्यांदा तिथल्या झाडणाऱ्या बाईंशीच जुंपली. त्या कचऱ्याची काळी पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आजी, संपला पिक्चर.” मी म्हटलं, “संपला नाही, अजून माणसं यायची आहेत.” त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, “कोण तुमचं?” मी म्हटलं, “मुलगी.” त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. म्हणाल्या, “मग या उजेडात नाही दिसायच्या. उद्या याच खेळाला या, दिवेवाल्याला मी सांगते.”

त्यांनी खरंच सांगितलं. चौथ्यांदा दिवे लागले नाहीत. थिएटरात आम्ही दोघीच, त्या माझ्या शेजारच्या खुर्चीत, पिशवी पायाशी. खूप नावं असतात गं. एवढी माणसं लागतात हे मला ठाऊकच नव्हतं. तुझ्या लोकांच्या यादीत, तिसऱ्या ओळीत, मधोमध, तुझं नाव आलं, पूर्ण, मध्ये बाबांचं नाव धरून. मी बोट दाखवलं आणि बाईंनी त्या अंधारात टाळ्या वाजवल्या. एकट्या बाईच्या टाळ्या रिकाम्या थिएटरात कशा वाजतात, सांगता येत नाही.

मग त्यांनी विचारलं, “वडिलांनी पाहिलं का हो?” मी सांगितलं, नाही, त्याआधीच गेले. मुलगी कामात अडकली होती, तिला यायला मिळालं नाही. आणि मग मी ते वाक्य बोलले, जे तुला, मावशीला, शेजाऱ्यांना इतक्या वेळा सांगितलंय की आता ते आपोआप तोंडातून येतं: “त्यांनीच सांगितलं होतं, तिला बोलावू नका, तिचं काम मोडू नका.” बाईंनी पदराने डोळे टिपले. म्हणाल्या, “मोठ्या मनाचा माणूस.”

मी बाहेर येऊन बसथांब्यावर बसले. दोन बस गेल्या, उठलेच नाही. ज्या बाईने माझ्यासाठी दिवे थांबवले तिच्या तोंडावर मी खोटं बोलले होते, आणि तिने त्यावर रडून विश्वास ठेवला होता. आतापर्यंत आपल्याच लोकांना सांगत होते, तेव्हा एवढं कळलं नव्हतं.

तर ऐक. बाबा असं काहीही म्हणाले नव्हते. ते गेले त्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, मी त्यांचं तोंड पुसत होते तेव्हा म्हणाले, “ठकूला बोलाव गं.” मी म्हटलं, “बोलावते.” संध्याकाळी तुझाच फोन आला. तू विचारलंस, “आई, खरं सांग, मी निघू का?” मी म्हटलं, “वेडी आहेस का? ताप आहे, उतरतोय. शनिवारी काम हातावेगळं कर आणि मग ये.” ताप उतरत नव्हता. पावलं गार पडायला लागली होती, लघवी कमी झाली होती. चौतीस वर्षं मी नातेवाइकांना व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगत आले, ‘जवळच्यांना बोलावून घ्या.’ कधी सांगायचं ते मला डॉक्टरांच्या आधी कळायचं. यांच्या बाबतीतही कळलं होतं. मी अंदाज बांधला, सोमवार निघेल. शनिवारी तुझं काम होईल, शनिवारी संध्याकाळी कळवीन, रविवारी तू पोचशील. मला तुझं नाव त्या पडद्यावर हवं होतं, ठकू, तुला हवं होतं त्याहून जास्त. इतक्या वर्षांत माझा अंदाज एका दिवसानेही चुकला नव्हता. शुक्रवारी दुपारी, मी त्यांची चादर बदलत असताना, ते गेले. तू पोचलीस तेव्हा सगळं उरकलं होतं, आणि तुझा चेहरा बघून माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. परत घ्यायची हिंमत झाली नाही.

तू म्हणतेस, “मला तुझ्या आवाजावरून कळायला हवं होतं.” नसतं कळलं. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी उभी राहून त्याच्या बायकोला ‘आज चेहरा बरा दिसतोय हं’ म्हणणारा आवाज आहे हा. त्याने भल्याभल्यांना फसवलंय. तू विचारलं होतंस, थेट विचारलं होतंस. म्हणून हे पत्र. पिक्चर बघ किंवा नको बघूस, परत त्या कामाला जा किंवा लोकांच्या हनुवट्या उचलत बस, पण स्वतःला शिक्षा म्हणून नको. राग माझा आहे, तो माझ्यावर काढ. माफी मागत नाही, ती पत्रातून मागायची गोष्ट नाही. फक्त एक राहिलं. बुधवारी संध्याकाळी तुझा फोन ठेवून मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा बाबांनी विचारलं, “निघाली का?” मी म्हटलं, “निघालीय.” शुक्रवारी दुपारपर्यंत ते कुशीवर वळून दाराकडे तोंड करून पडून होते. तू आली नाहीस असं समजून ते गेले नाहीत, तू वाटेवर आहेस असं समजून गेले. बाकी सगळं खोटं आज परत घेतलं. हे मात्र घेणार नाही.

तुझीच, तुला आवडो न आवडो,
आई