कापसात पुरलेलं पीठ

राळेगाव,
१७ जानेवारी २००६

आदरणीय साधनाआत्याबाईले उर्वशीचा मनापासून जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावून राह्यल्या का मलम? आजीनं दोन्ही लावाले सांगतलं आहे, म्हणजे कशानं बरं झालं ते कोणालेच कळणार नाही. इकडं आम्ही सगळे बरे आहोत, फक्त दिवसभर खाजवतो. (शाळेत माझं मराठी आठवड्यातून तीनच तास होतं, तेव्हा चुका पोटात घाला.)

रविवारी सकाळी तुमचा फोन खूप वेळ वाजला अन् कोणी उचलला नाही, म्हणून तुम्ही रागावल्या असं कळलं. आत्याबाई, फोन आम्ही ऐकत होतो. घरातले सहाही जण ऐकत होते. फक्त तो कुठं आहे ते दिसत नव्हतं. भाव नाही म्हणून बाबांनी यंदाचा कापूस विकलाच नाही, बैठकीत भरून ठेवला. दिवाळीत तो खिडकीपर्यंत होता, आता पंख्याले टेकला आहे. टीव्ही, फोन अन् तुमच्या लग्नाचा फोटो, सगळं आत आहे. बाबा रोज सकाळी दारात उभं राहून त्याच्याकडं पाहतात, मग चहा पितात. खाजेचं कारणही तोच.

आता त्या दिवशी आम्ही सगळे त्या कापसात काय करून राह्यलो होतो, ते सांगते. मले नागपूरच्या बेकरी कोर्सले जायचं आहे. फॉर्मची शेवटची तारीख २५. बाबांपुढं सहीसाठी फॉर्म ठेवला तर म्हणाले, "भाकर थापता येत नाही अन् पाव शिकाले नागपूर? बरं. रविवारी सगळ्या घराले नाश्ता करून घाल. ताटात एक घास उरला, तर पुन्हा नागपूरचं नाव काढायचं नाही." म्हणजे माझं सगळं एका नाश्त्यावर आलं. माझ्याजवळच्या जुन्या इंग्रजी मासिकात सिनॅमन रोल होते, वर लिहिलं होतं की अगदी सोपे. गोड पिठाची मोठी पोळी लाटायची, तिच्यावर लोणी, साखर अन् कलमीची पूड (पुण्याकडं जिले दालचिनी म्हणतात ती) पसरायची, सुरळी करायची, काप करून भाजायचे. संपलं.

पण त्याआधी पीठ फुगाले उबदार, बिनवाऱ्याच्या जागी ठेवा, असं मासिक म्हणते. जानेवारीत आमच्या घरात अशी जागा एकच. शनिवारी संध्याकाळी खमीर घालून पीठ मळलं, पातेल्याले फडकं बांधलं अन् कोपरभर खोल कापसात पुरलं. विज्ञानाच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं (आजही मी तेच म्हणीन). चुकलं एवढंच की खूण ठेवली नाही, अन् कापूस सगळीकडं सारखाच दिसते.

रविवारी सकाळी हात घातला, तर पातेलं नाही. बाजूले घातला, तिथंही नाही. आजी दारात आली.

"काय हरपलं व?"

"पीठ."

"कापसात?"

"हो."

आजीनं तिथूनच सगळ्यांले हाक मारली. बाबा, आई, रामरावकाका, काकू, सगळे कंबरभर कापसात उतरले. तेवढ्यात आतून फोन वाजाले लागला. "ताईचा असन! लवकर पाहा रे, ते चिडते!" बाबा ओरडले. चिडून तुम्ही फोन ठेवला, अन् त्याच वेळी काकूचा हात पिठात गेला. पीठ फडकं सोडून बाहेर आलतं, अन् हाताशी येईल तेवढा कापूस त्यानं पोटात घेतलता. आई कापूस वेचाले बांधतात तशी ओटी बांधून बसली, म्हणाली, "झाली यंदाची चौथी वेचणी."

निघाला तेवढा कापूस काढला, रोल केले अन् सायकलनं गफ्फारचाचाच्या बेकरीत नेले. (दिवाळीत सगळं गाव ज्यांच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणते, ते.) चाचांनी एक रोल उचलून उजेडात धरला. "बेटी, इसमें बत्ती कायको डाली?" मी म्हटलं, वात चुकून पडली. त्यांनी ट्रे आत सरकवला.

तासाभरानं डबा घेऊन आली, तर घरात सगळे हात धुऊन बसलेले. आपल्या घरी कलमी फक्त मटणात पडते, अन् मी सकाळपासून तीच कुटून राह्यली होती. आजीनं भाकरी टाकाले लावल्या होत्या. शेजारचे पुंडलिकराव वास घेत आपली वाटी घेऊन आलते. मी झाकण काढलं. सगळे डब्यात वाकून पाहाले लागले.

"रस्सा कुठी हाय?" बाबा म्हणाले.

आलोच आहो तर म्हणून पुंडलिकरावांनी एक रोल चहात बुडवून खाल्ला. मग दुसरा बुडवला. मग आजीनं घेतला. बाबांनी एक खाल्ला, कापसाकडं पाहतात तसं डब्याकडं पाह्यलं, अन् अजून एक खाल्ला. घास काय, कणही उरला नाही. सही त्यांनी तिथंच केली, कागदावर साखरेचा अंगठाही उमटला आहे.

तर फोनचं असं झालं. राग सोडा. तिकडच्या मोठ्यांले जय भीम, लहानांचे गाल माझ्या नावानं ओढा.

तुमची भाची,
उर्वशी

ता.क. फोन सापडलता, पण ढीग पुन्हा घसरला.

ता.क. २. वर लिहिलं ते बाबांले माहीत आहे तेवढंच. माझे रोल भट्टीतून निघाले तेव्हा चाचांनी एक ओट्यावर ठोकून पाह्यला, आवाज आला. वास विझलेल्या वातीचा. चाचांनी तो ट्रे बाजूले सारला. स्वतःचं पावाचं पीठ घेतलं, लाटलं, माझी कलमी-साखर पसरली, दोऱ्यानं काप केले अन् भाजून माझ्या डब्यात भरले. मी पूर्ण वेळ त्यांचे हात पाहत होती. म्हणजे बाबांची सही चाचांच्या पावावर आहे. कलमी तेवढी माझी, अन् तीही आईची.

ता.क. ३. फॉर्म याच पाकिटात आहे. पोस्टात टाकाले दोनदा गेलती, दोनदा वापस आली. जुलैत दुसरी बॅच आहे, तोवर तुमच्या पेटीत ठेवा. चाचा म्हणतात, "जून तक रोज सुबह आओ, भट्टी सिखा देता." पण त्या भट्टीवर आजवर कोणती पोरगी उभी राह्यली नाही, अन् बाबा मले नाहीच म्हणतील. तुम्हाले 'नाही' म्हणू शकत नाहीत, तेव्हा तुम्हीच विचारा. मग जूनमध्ये रविवारच्या त्याच सगळ्यांले माझ्या हातचं खाऊ घालीन, अन् ताटात काही उरलं नाही, की फॉर्म टाका. म्हणून एसटीनं या, फोन करू नका. येताना कलमी आणा. घरची संपली, अन् रविवारपासून सगळे मटणाचं विचारून राह्यले.