निरोगी नमुना क्रमांक एक

४ मार्च, शिरपूर

धुळ्याहून सकाळच्या बसने नऊला पोहोचलो. पुण्यातील सहकाऱ्यांनी माझ्या निर्णयाला वनवास म्हटले होते; त्यांनी ही प्रयोगशाळा पाहिलेली नाही. उत्तरेच्या खिडकीतून सातपुडा दिसतो, यंत्रे नवी आहेत, आणि टेबलांवर कोणाचेही जेवणाचे डबे पडलेले नाहीत. मन प्रसन्न झाले, हे प्रारंभीच नोंदवून ठेवतो.

विषयही लिहून ठेवतो. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडू लागले की तो इंधन बदलतो. एरवी तो मुख्यतः मेदाम्ले जाळतो. त्यासाठी प्राणवायू भरपूर लागतो. तो मिळेनासा झाला की स्नायू साखरेकडे वळतो आणि मागे लॅक्टेट उरते. टंचाई लांबली तर तो आकुंचन पावणेच कमी करतो. मरत नाही, मिळेल तेवढ्या रक्तात जगता यावे म्हणून काम थांबवतो. हे थांबणे रक्ताच्या तपासणीत किती आधी दिसते, ते मला मोजायचे आहे.

तंत्रज्ञ ज्योती, चाळिशीच्या पुढची, हात स्थिर, बोलणे अघळपघळ. सेवक पुना यांना येथे सगळे आबा म्हणतात. संध्याकाळी पत्नीला, नूतनला, फोन करून खोली, पाणी, जेवण यांचा सविस्तर अहवाल दिला. ती पुण्यातच राहणार आहे.

९ मार्च

रुग्णांशी तुलना करण्यासाठी निरोगी माणसाचे रक्त लागते. पहिला निरोगी नमुना संशोधकाने स्वतःचा द्यावा, असा आमच्यात जुना रिवाज आहे. मी चौपन्न वर्षांचा, निर्व्यसनी, रोज पाच किलोमीटर चालणारा. लॅक्टेट १.१. दोनच्या आत असले की उत्तम. ज्योती म्हणाली, सरांचं रक्तसुद्धा इस्त्री केलेलं आहे. असली सलगी मला आवडत नाही. परंतु उपमा अगदीच चुकीची नव्हती.

१७ मार्च

पहिला रुग्ण करमसिंग, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा. हृदयाची निम्मी भिंत हलत नाही, तरी छातीत कधी दुखले नाही. त्याची पत्नी जमना तिच्या बोलीत सांगत होती आणि आबा ते मराठीत आणून देत होते. बैल मेला तेव्हा हा ताटावरून उठला नाही. भाकरी संपवली, हात धुतले, मग विचारले, कोणता बैल. तिला त्याच्या धापेपेक्षा याचीच भीती वाटते. मी करमसिंगला थेट विचारले, त्रास काय होतो. तो म्हणाला, आता काहीच होत नाही, तोच त्रास.

रुग्णाच्या नोंदपत्रात यासाठी रकाना नाही. मी 'तक्रार नाही' असे लिहिले.

२८ मार्च

माझा नमुना पुन्हा तपासला. लॅक्टेट २.६. चूक उघड आहे. ज्योतीने दंडावरचा रबरी पट्टा फार वेळ आवळून ठेवला असणार, किंवा या उन्हात नळीभोवतीचा बर्फ वितळला असणार. रक्त गार राहिले नाही की लॅक्टेट नळीतच वाढते. तिला तोंडी समज दिली. नमुना बाद केला.

४ एप्रिल

३.४. हाही बाद. ज्योतीला लेखी ताकीद दिली. तिने कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाली, एकोणीस वर्षांच्या नोकरीतला पहिलाच कागद आहे, फ्रेम करून लावते. आबांनी पट्टा सोडताना माझे मनगट धरून ठेवले आणि हलक्या आवाजात सांगितले, साहेब, हात थंडा शे. बाहेर बेचाळीस अंश आहे. खोलीतील वातानुकूलन जास्त असावे.

९ एप्रिल

ज्योतीने मला न विचारता स्वतःचे रक्त काढले आणि माझ्या नळीशेजारच्या खाचेत ठेवले. तिचे ०.९. माझे ३.८. दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, पट्टा तोच, बर्फ तोच, हात माझाच. रक्त तेवढं वेगळं आहे, सर. आता तरी दाखवून घ्या.

तिची रीत निर्दोष होती. मी याहून चांगला प्रयोग योजला नसता. ताकीद मागे घ्यायला हवी; घेतली नाही. शरम वाटायला हवी होती. नेहमी जेथे वाटते तेथे शोधली. ती जागा रिकामी होती.

१२ एप्रिल

करमसिंग गेला. खाटेवर बसल्या बसल्या. जमना सांगायला आली तेव्हा आबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी त्याच्या नळ्यांवर तारीख घातली.

दुपारी नूतनचा फोन. तिचे वडील पहाटे गेले. मी विचारले, शेवटचे जेवण किती वाजता झाले होते. तिने विचारले, कोण बोलतंय. मी माझे नाव सांगितले.

१५ एप्रिल

डॉ. प्रेमराज हृदयरोगतज्ज्ञ आहेत, आठवड्यातून एकदा धुळ्याहून येतात. ज्योतीने मला त्यांच्यापुढे नेऊन बसवले. त्यांनी इको केला. पडद्यावर हृदयाची समोरची भिंत स्थिर होती. जिवंत, परंतु स्थिर. इतके स्वच्छ चित्र मी पुस्तकातही पाहिले नव्हते, तसे म्हणालो. ते म्हणाले, कौतुक नंतर करा. उद्या सकाळी धुळ्याला या. रक्तवाहिनी उघडली तर ही भिंत पुन्हा हलेल. बसून राहिलात तर हलणार नाही, आणि मग तुम्हीही राहणार नाही.

मी होकार दिला.

१६ एप्रिल

गेलो नाही. कारण सांगता येत नाही. बॅग भरली होती. आंघोळ झाली होती. खुर्चीवर बसलो. मग दुपार झालेली होती.

एक विचार, ज्याला कोणताही संदर्भ देता येणार नाही. स्नायू काम थांबवून रक्त वाचवतो. आधी काय थांबवायचे, हे कोण ठरवते? भीतीला रक्त लागत असावे. शरमेला लागत असावे. दुःखाला बहुधा फार लागते. आत कोणीतरी एकेक खोली बंद करत निघाले आहे — मला न विचारता — आणि अत्यंत नीटनेटकेपणाने.

१७ एप्रिल

५.२. ज्योतीने भरीत आणले. सगळे खाल्ले. तिने मुद्दाम दुप्पट मिरच्या घातल्या होत्या, असे नंतर कळले. माझ्या डोळ्यांत पाणी आले नाही. तिच्या आले. ती म्हणाली, सर, एकदा तरी रागवा माझ्यावर —

रागावण्यासारखे तिने काही केले नव्हते.

१९ एप्रिल

भीती वाटावी म्हणून प्रयत्न केला. 'मी मरणार आहे' असे दहा वेळा लिहिले. अक्षर सुबक आले.

जिना चढताना तीनदा थांबलो. दुखत नाही. कोठेच काही —

२० एप्रिल, सकाळ

ज्योतीने गाडी आणवली आहे. खाली उभी आहे. नूतन पुण्याहून निघून धुळ्याला पोहोचली, रुग्णालयात थांबली आहे — ज्योती दाराबाहेरून सांगते.

दाराला आतून कडी आहे. मी लावली असणार.

आबा म्हणतात, साहेब, तेवढी कडी काढा, बाकी बठ्ठं आम्ही पाहू.

सहा पावले. उठायला हवे, हे कळते. कळणे पायांपर्यंत —

बोटे निळसर. लेखणी धरता येते अजून —

आबा कोणाला तरी पहार आणायला सांगत आहेत. ज्योती माझे नाव घेऊन हाक मारते. सर नाही, नाव. हे शिस्तीत बसत —

फोन वाजतो आहे. पडद्यावर 'नूतन'. वाचता येते. हे नाव वाचले की पूर्वी आत काहीतरी होत असे. काय होत असे ते —