भरून जाणाऱ्या गाड्या

१२ नोव्हेंबर
डबा आज परत पडला. सव्वानऊला बाजार उघडला तेव्हा हिरवा होता, देवापुढे दिवा लावून येईपर्यंत लाल. बी.पी.ची गोळी घेतली की नाही ते आठवेना. दुसरी घेतली नाही. डबल होण्यापेक्षा चुकलेली बरी.

कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. ही वाचत नाही, पण सुनीता माहेरी आली की सगळं उचकते. म्हणून डबा. एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने वीज निघते आणि पाणी. धूर नाही. बसगाड्यांना हे डबे बसवायला सरकार सवलत देणार, असं आलं तेव्हा घेतला. आज पेपरात, धोरणाचा फेरविचार चालू आहे. फेरविचार किती दिवस चालतो ते कोणी छापत नाही.

संध्याकाळी बागेत नामदेव: "काय मुकादम, डब्यात काय शिजलं का नुसतीच वाफ?" बबन हसला. मीही हसलो.

१५ नोव्हेंबर
सु.चा खारघरहून फोन. ॲप तिनेच घालून दिलं, म्हणून तिला विचारायचा हक्क आहे.
"आबा, सगळं एकाच शेअरमध्ये ठेवतं का कोणी? निम्मे विका. टेन्शन तुम्ही घेता आणि फोन आई मला करते."
बघतो म्हणालो.

तिला माहीत नाही की खातं माझ्या नावावर आणि पैसा तिघांचा. माझा, नामदेवचा, बबनचा. भाजी बाजारात आमची बारा हमालांची टोळी होती. पाठीवर कांदा-बटाटा वाहिला, कोणी चाळीस गोणी मारल्या, कोणी तीस, कोणी तापाने घरी पडला, तरी संध्याकाळी मजुरी बारांत सारखी. बाकीचे गावी गेले, काही वर गेले. उरलो तीन. शेअरसुद्धा त्याच नियमाने घेतले. सारखं घालायचं, सारखं काढायचं. मी सातवीपर्यंत शिकलो, पेपर वाचतो, म्हणून अजून मुकादम मीच.

सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने काय काय डोक्यावर घ्यावं...

१९ नोव्हेंबर
मळी चढली. ही आमची दुसरी कंपनी. उसाच्या मळीपासून आणि चिपाडापासून इथेनॉल करायला जे सूक्ष्म जीव लागतात ते ही तयार करते. बायोटेक म्हणतात. सरकारने मध्ये इथेनॉलला हात आखडता घेतला तेव्हा पडली होती, आता सैल सोडणार म्हणतात म्हणून वर. गावच्या साखर कारखान्याचा भोंगा ऐकत तिघे वाढलो, म्हणून ही घेताना भीती वाटली नव्हती. पण हिच्यात घातले थोडेच.

बबन म्हणाला, "म्हंजी किडंच की."
नामदेव: "जन्मभर आपुन गोण्या वाह्यल्या, आता म्हातारपनी किडं आपल्याला पोसनार. नशीब लागतं, लेका."

आज झोप बरी लागेल असं वाटतं.

२४ नोव्हेंबर
आज कोणाला न सांगता महापेला गेलो. डब्याचा कारखाना तिथेच आहे, कोपरखैरण्यातून एका बसचं अंतर. पेपरवाला काय सांगणार, बाजार काय सांगणार. माल गेटवर कळतो.

समोर चहाची टपरी आहे. दहा ते दोन बसलो. चार चहा, एक वडापाव. सात गाड्या बाहेर पडल्या. सातही भरलेल्या. मला कोणी सांगायला नको. टायर किती बसलाय, चाकावरचा स्प्रिंगचा पाटा किती सरळ झालाय, गाडी गेटच्या उंचवट्यावरून उतरताना कशी कण्हते, यावरून आत किती टन आहे ते मी बाजारात पावती बघायच्या आधी सांगत असे. ताडपत्री घट्ट आवळलेली. दोर नवा.

सात गाड्या माल जातोय आणि भाव पडतोय? बाजार आंधळा आहे.

२६ नोव्हेंबर
गाड्यांचं काल दोघांना सांगितलं. म्हणालो, आणखी घेऊ, स्वस्तात मिळतोय. नामदेव म्हणाला, "असतं तर घातलं असतं. माझ्याकडं आता फकस्त गुडघं हायती, ते घे."

बबनने विचारलं, "गाड्या भरलेल्या व्हत्या?"
"भरलेल्या."
"तू बघितल्या?"
"मी बघितल्या."
तो उठून गेला. आज दुपारी बँकेतली मुदत ठेव मोडून आला. टोळीत एकाने जास्त घालायची पद्धत नाही. मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. माझं उरलेलं होतं तेही घातलं, म्हणजे निदान दोघे तरी सारखे.

२ डिसेंबर
परत महापे. आज पाच गाड्या, एक लांब ट्रेलर. ट्रेलर तर पार वाकला होता. टपरीवाला म्हणाला, "काका, तुमी कंपनीतनं रिटायर का?" म्हटलं हो.

डबा अजून चार रुपये खाली. मन शांत ठेवायचं.

९ डिसेंबर
बबनचं नवीनच निघालं. दिघ्याला तो भाड्याच्या खोलीत राहतो, एकटा, वहिनी गेल्यापासून. मालकाने जानेवारीअखेर खोली मागितली आहे. दुसरी खोली अनामत मागते. भाऊ गावाहून म्हणतो, ये, अर्धं घर तुझं, पण तुझ्या बाजूचं छप्पर बसलंय, ते तू घाल. शिमग्याच्या आत घातलं तर बरं.

"मग माझा वाटा काढशील का? घाई न्हाई. तू म्हनशील तवा."

तू म्हणशील तेव्हा. यापेक्षा आज दे म्हणाला असता तर बरं झालं असतं. म्हटलं, पंधरा दिवस थांब, भाव येतोय.

१३ डिसेंबर
सकाळी पेपर. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. दुसऱ्या राज्याने फुकट जमीन आणि स्वस्त वीज देऊ केली म्हणून कंपनी महापेचं युनिट बंद करून तिकडे जात आहे. यंत्रसामग्री हलवण्याचं काम जवळपास पूर्ण. नवीन कारखाना उभा राहून माल निघायला किमान दोन वर्षं.

यंत्रसामग्री हलवण्याचं काम.

माल नव्हता तो. कारखानाच होता. मी टपरीवर बसून चार चहा पीत कारखाना जाताना मोजला आणि बबनला सांगितलं, भरलेल्या आहेत.

१३, दुपार
विकायला लावला. घेणारा नाही. सु. म्हणाली याला लोअर सर्किट म्हणतात, ठरलेल्या हद्दीपर्यंत पडला की थांबतो, विकणारे सगळे आणि घेणारा कोणी नाही. मला नाव सांगायची गरज नव्हती. पावसात भिजलेला कांदा गाळ्यावर असाच पडून राहतो. वास सुटतो, कोणी बघत नाही.
"आबा, तुमचेच पैसे आहेत ना सगळे?"
रेंज नाही असं सांगून फोन ठेवला.

१४ डिसेंबर
एक गोष्ट त्या दिवशी लिहिली नव्हती. आज मागची पानं वाचली, खरंच लिहिलेली नाही.

२४ तारखेला सात भरलेल्या गाड्या बाहेर गेल्या. आत एकही भरलेली आली नाही. ज्या आल्या त्या रिकाम्या, फळ्या आदळत. कच्चा माल आत गेल्याशिवाय पक्का बाहेर कसा येईल? बाजारात पहिल्या महिन्यात शिकतो माणूस हे. मला तेव्हाच खटकलं होतं. दुसऱ्या चहाला. मग म्हटलं, रात्री येत असेल. मग २ तारखेला परत तेच. परत म्हटलं, रात्री येत असेल.

दिसलं नाही असं नाही. बघायचं नव्हतं.

१७ डिसेंबर
आजही सर्किट. मळी मात्र जागेवर उभी आहे. किडे बिचारे काम करताहेत.

बागेत गेलो नाही. हिला म्हटलं पाय दुखतोय.

२० डिसेंबर
नामदेव घरीच आला. ही चहा ठेवायला आत गेली तसा हळू आवाजात म्हणाला, "चार दिस झालं, बागेत न्हाईस. पाय दुखतोय का डबा?"
मी पाय चोळत राहिलो.
आतून हीच बोलली. "भावजी, त्यांना काय इचारता. तांदळाच्या डब्यात फोन लपवून ठेवत्यात. वाजला की तांदूळ हलत्यात. मला काय दिसत न्हाई?"
नामदेव हसायला लागला, मग थांबला, माझ्याकडे बघून.
तो गेल्यावर ही म्हणाली, "गेलं किती ते नका सांगू. बबन भावजींचं हाय का त्यात, तेवढं सांगा."
सांगितलं. ती बराच वेळ भाजी निवडत बसली. मेथी एका जुडीची होती, संपेना.

२७ डिसेंबर
सांगितलं एकदाचं. बागेत, तिघेच. कंपनी जातेय, गाड्यांत माल नव्हता, मशिनं होती. निम्म्याच्या पार खाली आलाय, आणि आज दिला तरी घेणारा नाही. म्हटलं, बबनचं मी भरून देतो. कुठून देणार ते मलाही माहीत नव्हतं.

नामदेव आधी उसळला. "मुकादम, डोळं गेलं व्हतं का तुजं? भाकरी करनाऱ्या बाईला पीठ आनि राख कळंना?" मग स्वतःच खाली बसला. म्हणाला, "तू एकट्यानं कशाला भरायचं? पोतं फुटलं तर टोळीनं भरायचं. आपला नेम."

नेम तसाच आहे. वाहताना पोतं फुटलं तर नुकसान बाराही जणांच्या मजुरीतून. पण नेमाला दुसरं टोक आहे, ते नामदेव बोलला नाही. पोतं कुजकं आहे हे माहीत असून कोणी उचललं, तर ते त्याचं त्याने एकट्याने भरायचं. वर टोळीपुढे उभं राहून सांगायचंही.

बबन माझ्या बाजूला सरकला. मग म्हणाला, "मुकादम, तुला ठावं नव्हतं ना?"

मी म्हणालो, "न्हाई."

त्याने मान हलवली. म्हणाला, "मग झालं तर. तिघांत वाटू."

२९ डिसेंबर
दोन दिवस जेवण जात नाही. ही म्हणते डॉक्टरकडे चला. डॉक्टर काय काढणार पोटातून.

बबनला नाही म्हणायला एक श्वास लागला.

३ जानेवारी
सर्किट सुटलं. आता विकता येतो. भाव बघवत नाही, पण विकता येतो. नामदेव कुठून तरी ऐकून आला, महापेची ती शेड कोणी नवीन पार्टी घेतेय, बॅटरीवाली का त्याच कंपनीचा भागीदार, इथलं सरकारही आता काही सवलत काढतंय म्हणे. म्हणे. "थांबलं तर यील वर," म्हणाला. बबनला खोली सोडायला चार आठवडे.

सु.ला आज सगळं सांगितलं, तिघांचे पैसे आहेत तेही. ओरडेल वाटलं होतं. "आबा," एवढंच म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "जेवलात का?"

तिच्या मते मळी विकून ते पैसे बबनकाकांना द्यावेत. छपराचे पत्रे येतील, वासे नाही.

५ जानेवारी
बबनला विचारलं, विकू का थांबू. सकाळी फोनवर.
"तू मुकादम हायस."
"पैसा तुजा हाय."
मग म्हणाला, "मला त्ये गेट दाव आधी. जिथं गेलं ती जागा तरी बघू दे."
विकायचं की नाही ते तिथून आल्यावर ठरवू, म्हणाला.

७ जानेवारी
बबन दिघ्याहून आला, मी इकडून. टपरीवर दोघे बसलो. गेट बंद. आतला वॉचमन खुर्ची उन्हात घेऊन बसलेला. पाटी काढलेली, तिच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन. बबनने गेटकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग परत गेटकडे. गुडघ्यावर हात ठेवून, बाजारात गाडीची वाट बघत बसायचा तसा.

टपरीवाला म्हणाला, "काका, तुमची कंपनी गेली." बबनने माझ्याकडे बघितलं.

चहा आला. मी बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

म्हटलं, "बबन, त्या दिवशी आत एक बी भरलेली गाडी आली नव्हती. नुसत्या जात व्हत्या. मी बघितलं व्हतं. तुजी ठेव मोडायच्या आधी."

त्याने चहा प्यायला. कप फळीवर ठेवला, नीट, कडेपासून लांब. बागेत मी नाही म्हणालो होतो ते त्याला आठवलं असणारच. मी वाट बघितली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणालो, "म्हंजी तिघांत वाटायचं न्हाई. माजं एकट्याचं."



तेवढ्यात शिळफाट्याच्या बाजूने एक गाडी आली. दहा चाकी, ताडपत्री बांधलेली. हळू झाली आणि गेटसमोर रस्त्याच्या कडेला उभी राहिली. ड्रायव्हर उतरला, हातात कागद, वॉचमनशी बोलायला गेला. पत्ता विचारत होता की गेट उघडायला सांगत होता, इतक्या लांबून कळेना.

बबन पुढे वाकला. मी पण. दोघेही टायरकडेच बघत होतो.

"भरलेली हाय," बबन म्हणाला.

मग माझा फोन माझ्याच खिशातून काढून त्याने माझ्या हातात दिला. विक म्हणाला नाही, थांब म्हणाला नाही. वॉचमन खुर्चीवरून उठला होता. बाजार बंद व्हायला अजून दोन तास होते.