चित्रातल्या वासरासाठी

माय, आज दुपारी घरात कोणी नव्हतं. टीव्हीवर लहान मुलांचं एक कार्टून लागलं होतं आणि ते पाहता पाहता माझ्या डोळ्यांना धार लागली. चष्मा पुसला, लावला, पुन्हा पुसला. उभं आयुष्य मी माइकसमोर गरजत काढलं, मालकांना आणि मंत्र्यांना तोंडावर सुनावलं. पण कोणी चार रेषांत एखादं पिल्लू काढून त्याला पडद्यावर एकटं सोडलं, की माझं सगळं अवसान जातं. हे गुपित आहे असंही नाही. एकदा अख्ख्या गल्लीनं ते पाहिलं होतं.

तेव्हा नागपुरात टीव्ही नुकता आलेला, आणि आपल्या गल्लीत तो फक्त कंपाउंडरच्या घरी. रविवारी त्यांच्या बैठकीत सतरंजी अंथरली जायची, बायापोरं पुढे, आम्ही मोठे दाराशी. त्या रविवारी माझं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगण्याच्या एका कारखान्याच्या गेटवर सभा होती. युनियन केली म्हणून काही पोरांना कामावरून काढलं होतं. बाकीचे त्यांच्यासाठी काम थांबवतात की मान खाली घालून आत जातात, हे माझ्या बोलण्यावर ठरणार होतं. मनात भाषण जुळवत बसलो होतो. आणि मध्येच ते कार्टून लागलं. एक काळी गाय, कपाळावर पांढरा गोल ठिपका. तिला बाजारात विकतात. रात्री गोठ्यात एकटं राहिलेलं वासरू वर पाहतं, तर काळ्या आभाळात तोच पांढरा गोल. ते दावं तोडून चंद्रामागे धावत सुटतं. टेकडी चढतं, नाला ओलांडतं, चंद्र तितकाच पुढे. उजाडतं आणि चंद्र विरून जातो. वासरू मान वर करून तसंच उभं.

मला हुंदका आवरला नाही. माझ्या बाजूला कारखान्यातलाच एक तरुण वेल्डर बसला होता. तो ओरडला, "अबे पाह्य! नेताजी रडून राहिले! थे बी कार्टून पाहून!" सगळी बैठक हसली. मी चप्पल शोधत बाहेर पडलो.

तेव्हा तू गाव सोडून माझ्याकडे राहायला आली होतीस. चुलीपुढे भाकरी थापत होतीस. माझं तोंड पाहून दचकलीस.

"काहून रडून राहिला रे? कोणी मेलं का?"

"कोणी नाई. कार्टून पाहिलं."

"कार्टून कायचं? कार्टं तं तूच हायेस, एवढं मोठं!"

मी चिडलो. उद्या मी सभेला जात नाही म्हणालो. जो चित्रातल्या वासरासाठी रडतो, त्याच्या शब्दावर कोण आपली नोकरी पणाला लावेल? तू "पह्यले वासराचं सांग," म्हणालीस. मी सांगू लागलो, तसा तुझा थापता हात थांबला.

"मंग? गाय भेटली का त्याले?"

"नाई वं माय. उजाडलं आन चंद्रच गेला."

तव्यावरची भाकरी करपली तरी तुझं लक्ष नव्हतं. मग तू हळूच म्हणालीस, "तुले शाळेसाठी इथं मामाकडं ठेवलं, तवा तू रडला नाई. मी मोटारीच्या खिडकीतून वळून वळून पाह्यलं, तं तू हात हलवून राहिला होता, पाहुणे चालले असल्यावानी. लोक म्हणे, पोरगं मोठं धीराचं. थे तुहं रडणं राहून गेलं होतं. आज आलं. त्यात लाजाचं काय?"

साठ सालाच्या आसपासची ती गोष्ट. माझ्या आठवणीत त्या दिवसाचं चित्र फार रुबाबदार होतं: नवी चड्डी, मामाचा हात, आणि गावाकडे निघालेली प्रवासी मोटार. मोटारीच्या आत तू कशी होतीस हे मी तोवर कधी मनात आणलंच नव्हतं. मी तसाच बसून राहिलो, तर तू चिमटा आपटलास. "आन उद्या जाय. कामावरून काढलेल्या पोराइच्या घरी चूल थंडी हाय. तुह्या लाजेनं थे पेटन का?"

मी गेलो. गेटसमोर स्टुलावर उभा आहे, "मित्रहो" म्हणतो आहे, आणि मागून आवाज येतो, "हम्माऽऽ!" गर्दीत हशा फुटतो. गेटवरचा चौकीदारसुद्धा हसतो. एवढी पुस्तकं वाचली होती, पण एक ओळ मदतीला येईना. तोवर मी सभेत नेहमी पुस्तकी मराठी बोलायचो. त्या दिवशी तोंडातून तुझी बोली निघाली. "कोण हंबरलं गा? तुही माय कोन्त्या गावी हाय?" हसणं हळूहळू विझलं. "हो, रडलो मी. आपण सगळेच माय गावी ठेवून इथं आलो. वासरासाठी ज्याले काही वाटत नाई, त्याले बाजूच्या मशीनवरचा माणूस काढला तरी काय वाटणार हाय?" त्या दिवशी भोंगा झाला, पण आत कोणी गेलं नाही.

सभा संपल्यावर तो वेल्डर आला. खाली पाहत म्हणाला, "भाऊ, आता हंबरलो थो मीच, आन काल बोंब बी मीच मारली. मले बी रडू आलं होतं. कोणी पाह्यलं असन तं, म्हणून आधी तुमच्याकडं बोट दाखवलं." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर मी कितीतरी सभांत ठणकावून सांगितलं, की रडण्यानं माणूस लहान होत नाही. टाळ्या पडल्या. ते मी मनापासून बोलत होतो, आजही बोलेन. तुला वाचता येत नव्हतं; गावाहून चिठ्ठी आली की मीच वाचून दाखवायचो. आज तू असतीस आणि ही चिठ्ठी दुसऱ्या कोणाकडून वाचून घेता आली असती, तरी मी ती तुला धाडली नसती. कारण आज ते कार्टून सुरू झालं, तेव्हा घरात मी एकटाच असूनसुद्धा आधी उठून दाराला आतून कडी लावली होती.